परत न बसवण्याचे कारण

बाबांना ऐकू येत नाही, हे मला मोटरसायकलच्या शोरूममध्ये कळलं, तेही चार अनोळखी माणसांच्या देखत. सांगणारी बाई सर्व्हिस काउंटरवरची होती, आणि तिला ते कळलं माझ्याच गाडीच्या सायलेन्सरवरून. ज्या माणसासोबत मी रोज जेवतो त्याच्याबद्दल मला दोन-तीन वर्षांत जे उमगलं नाही, ते तिला पाच मिनिटांत उमगलं. अजून आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

पण हे सुरुवातीपासून सांगायला हवं, नाहीतर सायलेन्सरचा आणि बाबांच्या कानांचा संबंध कुणाला लागायचा नाही.

बाबा औष्णिक वीज केंद्रात मेन्टेनन्सला होते. सगळी नोकरी टर्बाइनच्या हॉलमध्ये गेली. तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. कानात घालायला बोंडं मिळायची, ती बाबा खिशात ठेवायचे. "बोंडं घातली तर मशीन काय म्हणून राहिली ते कसं समजन?" असं ते म्हणायचे. बेअरिंग बिघडायच्या आठवडाभर आधी त्यांना आवाजावरून कळायचं, असं त्यांचे जुने सोबती आजही सांगतात. लहानपणी मला त्याचा फार अभिमान होता. त्या कौतुकापायी कान चालले आहेत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, त्यांच्याही नाही.

तिथली एक रीत ते घरी घेऊन आले होते. यंत्रातून कुठलाही भाग काढला की त्याला एक कार्ड बांधायचं. भाग कोणता, कधी काढला, मीटर किती होता, का काढला, भागाची स्थिती काय, एवढं त्यावर लिहायचं. कार्ड तारेनं बांधायचं, सुतळीनं नाही, कारण सुतळी कुजते. आणि भाग परत बसवला तरी कार्ड लगेच तोडायचं नाही. यंत्र चालवून पाहायचं, सगळं ठीक आहे असं चालवणाऱ्यानं म्हटलं की त्यानंच ते तोडायचं. "बिनकार्डाचा भाग म्हंजे बेवारस," हे वाक्य मी शाळेत जायला लागल्यापासून ऐकत आलो.

रिटायर झाल्यावर कोरी कार्डं कुठून आणणार? बाबांनी घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापायला घेतल्या. त्यामुळे आमच्या घरात कूलरचा पंप, नळाची जुनी तोटी, मिक्सरचं फुटकं झाकण, सगळ्यांच्या गळ्यात अर्धी लग्नपत्रिका लटकते. एका बाजूला सोनेरी अक्षरांत 'मंगल परि', आणि दुसऱ्या बाजूला बाबांचं टपोरं अक्षर: 'कूलर पंप. काढण्याचे कारण: हिवाळा. भागात दोष नाही.' मी यावर हसायचो. पाहुण्यांना दाखवून हसायचो. पण एक मात्र होतं, बाबा एरवी कधी थाप मारतील, कार्डावर कधीच मारणार नाहीत. नोकरीत असताना एकदा त्यांच्या हातून नट सैल राहिला होता, तेव्हा कारणाच्या ओळीत 'माझी चूक' असं लिहून, खाली सही ठोकून आले होते. आईनं त्यांना त्यावरून पुढे कितीतरी वर्षं ऐकवलं.

आम्ही गोधनी रोडवरच्या एका लेआउटमध्ये राहतो. मी हिंगण्याला एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायला असतो. सकाळी सहाला निघतो आणि दुपारी साडेचारला घरी पोचतो. बायकोची नोकरी, ती साडेसहाला येते. आई गेल्यापासून दिवसभर घरी बाबा एकटेच. मोकाट गायी शिंगानं कडी उचकटून आत येतात आणि बाबांचा गवती चहा फस्त करतात, म्हणून गेटला आतून कुलूप असतं. मी आलो की बाबांनी यायचं, कुलूप काढायचं, मी गाडी आत घ्यायची, आणि मग दोघांनी मिळून चहा घ्यायचा. त्याआधी ते चहा घेत नाहीत. मला उशीर झाला की त्यांच्याही चहाला उशीर.

मी एकदा म्हटलं, मला एक किल्ली देऊन ठेवा. तर म्हणाले, "गेट मीच उघडीन. तेवढं तरी काम राहू दे माह्याकडे."

पुढे पुढे गेट उघडेनासं झालं. मी बाहेर उभा, हेल्मेटमध्ये डोकं शिजतंय, बेल दाबून दाबून अंगठा दुखतोय, आणि आत हालचाल नाही. मे महिन्यात नागपुरात साडेचार वाजता गेटबाहेर उभं राहून बघा म्हणजे माझा संताप समजेल. मी गेट खडखडवायचो, हाका मारायचो. बाबा केव्हातरी सहज म्हणून खिडकीत डोकवायचे आणि मला पाहून धावत यायचे. "बेल खराब झाली गा," म्हणायचे. त्यांनी बेल बदलली, मग पुन्हा बदलली. मी एकदा चिडून विचारलं, "दुपारभर झोपा काढता काय?" ते म्हणाले, "हो, डोळा लागला होता." ज्या माणसाला आम्ही कुणी दुपारी आडवं झालेलं पाहिलं नाही, त्यानं झोपेचा आळ निमूट घेतला, आणि मी तो खरा मानला.

मग मी नवी मोटरसायकल घेतली. वय बेचाळीस. या वयात माणसानं हप्ते आणि गुडघे सांभाळावेत. पण आमच्या शिफ्टमधल्या एकाची गाडी कारखान्याच्या गेटात शिरली की वॉचमनसुद्धा ताठ व्हायचा, असा तिचा आवाज. तो ऐकून माझ्या पोटात दुखायला लागलं. पहिली सर्व्हिसिंग झाली, पुढची थेट वर्षानं होती, तेव्हा एका रविवारी सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत जाऊन मीही कंपनीचा सायलेन्सर उतरवला आणि दणदण वाजणारा बाहेरचा चढवून घेतला. बसवणाऱ्यानं जुना सायलेन्सर पोत्यात गुंडाळून हातात दिला आणि ताकीद दिली, "भाऊ, हा फेकू नका. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी चढवायचा, गाडी घरी आली की उतरवायचा. नाहीतर वॉरंटी खलास. सगळे तसंच करतात." खरंच सगळे तसंच करतात. आमच्या कारखान्यातल्या निम्म्या गाड्यांचे मूळ सायलेन्सर माळ्यावर असतात. सासरच्या दारात शिरण्यापुरता डोक्यावर घेतलेला पदर असतो तसा तो, शोरूमपुरता.

मी घरी पोचलो तेव्हा मला वाटलं होतं बाबा फाडून खातील. ते व्हरांड्यात उभे होते. गाडीभोवती एक चक्कर मारली, नव्या डब्यावर टिचकी मारली, आणि एवढंच विचारलं, "जुना किती किलोमीटरवर काढला?" संध्याकाळपर्यंत जुन्या सायलेन्सरला कार्ड लागलं आणि तो माळ्यावर गेला.

आठवड्याभरातच शेजारच्या वहिनी आल्या. त्यांचं बाळ सकाळी माझ्या गाडीनं दचकून उठायचं आणि मग तासभर रडायचं. त्या भांडल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मला लाज वाटली. असले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात, त्याचे फोटो पेपरात येतात. ते बघून मी स्वतःच कधीकाळी 'बरं झालं' म्हणालो होतो. मी बाबांना म्हटलं, जुना काढा माळ्यावरून, परत बसवून टाकतो.

बाबा म्हणाले, "काहून? राहू दे. सकाळी गाडी रोडपर्यंत ढकलत ने, मंग चालू कर. पन येतानी चालू दे. दुपारी लेकरू जागंच राहते, मी सांगतो त्यायले."

आणि ते स्वतः जाऊन वहिनींशी बोलून आले. काय बोलले ते मी विचारलं नाही. मला वाटलं, म्हातारपणी बाबांना गाडीचं कौतुक वाटायला लागलं. त्या दिवसापासून मी चौकातून वळायच्या आत गेट उघडलेलं असायचं. दोन्ही फाटकं सताड, बाबा बाजूला उभे, चहाचं आधण चढलेलं. पुढारी आल्यासारखा मी दणदणत आत शिरायचो. वर्षभर हे असं चाललं आणि वर्षभर मी समजत होतो की हा थाट माझ्या गाडीचा आहे.

वर्ष उलटल्यावर गाडीचा दुसरा गिअर सुटायला लागला. टाकला की खट्‌ करून निसटायचा. एकदा हिंगणा टी पॉइंटला मागून ट्रक येत असताना निसटला आणि मी कशीबशी गाडी कडेला घेतली. काम मोठं होतं, इंजिन उघडावं लागणार होतं. वॉरंटी अजून बाकी होती. म्हणजे माळ्यावरचा सायलेन्सर काढायची वेळ आली.

आदल्या संध्याकाळी व्हरांड्यात बसून मी ते काम केलं. बाबांनी पोतं सोडलं, सायलेन्सर पुसून दिला, पाने हातात देत राहिले. "किती दिवस राहीन हा?" त्यांनी विचारलं. मी मोठ्यानं म्हटलं, दोन-चार दिवस. गाडी घरी आली की पुन्हा आपला दणदणाट. त्यांनी मान हलवली. मी गाडी एकदा चालू करून पाहिली आणि उतरवलेला सायलेन्सर घाईघाईत पोत्यात कोंबून पाण्याच्या ड्रममागे सरकवला. "याले कार्ड?" बाबा म्हणाले. मी म्हटलं, नंतर बघू. मी हात धुवायला गेलो तेव्हा बाबा गाडीपाशी खाली वाकले होते. कार्ड काढत असतील, असं मी धरून चाललो. एवढी वर्षं त्यांची रीत ऐकून मला हे कळायला हवं होतं की गाडी अजून बिघडलेलीच आहे, आणि बिघडलेल्या यंत्राचं कार्ड बाबा कसं तोडतील? ते कार्डाची तार घट्ट करत होते.

दुसऱ्या दिवशी मी शोरूमला गेलो. काउंटरवर तिशीची एक बाई होती. तिनं फॉर्म पुढे सरकवला. त्यात एक ओळ होती, वाहनात फेरबदल केले आहेत का. मी 'नाही'वर खूण केली.

"सायलेन्सर कधी बदलला होता का, भाऊ?"

"हातसुद्धा लावला नाही मॅडम."

"तुमी खरं सांगून राहिले ना? नाही, बोल्टवर पान्याचे ताजे घासे दिसून राहिले."

चोराच्या मनात चांदणं. मी उगाच हसलो आणि म्हटलं, पहिल्या सर्व्हिसिंगला तुमच्याच लोकांनी उघडला असेल. ती बाहेर आली, मोबाइलचा टॉर्च लावून गाडीपाशी उकिडवी बसली आणि सायलेन्सरच्या आतल्या बाजूनं, जिथे तो सांगाड्याला बसतो तिथून, तिनं तारेनं आवळलेलं एक कार्ड फिरवून समोर आणलं. त्याची एक कड उष्णतेनं तपकिरी झाली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"हे काय हाय भाऊ?" ती म्हणाली, आणि मोठ्यानं वाचायला लागली. तिच्या आवाजात गंमत होती. बाजूला तीन गिऱ्हाइकं आणि एक मेकॅनिक उभा होता, तेही हसत जवळ आले. "भाग, मूळ सायलेन्सर. काढल्याची तारीख... किलोमीटर... काढण्याचे कारण, मुलाची हौस." मेकॅनिक खो-खो हसला. खाली वेगळ्या शाईत आणखी दोन ओळी होत्या. त्या वाचताना तिचा आवाज उतरत गेला.

"परत न बसवण्याचे कारण, याच्या आवाजात मुलगा आलेला मला ऐकू येत नाही. भागात दोष नाही."

कुणी हसलं नाही. तिनं कार्ड उलटं करून बघितलं. 'मंगल परि'. पुन्हा सुलटं केलं.

"वडिलांचं अक्षर?"

मी मान हलवली. खोटं पकडलं गेल्याची लाज होती, पण ती पायाच्या अंगठ्याएवढी. बाकीचा सगळा मी गेटबाहेर उभा होतो, आणि मला बेल, खिडकी, झोप, 'येतानी चालू दे', सगळं एकदम आठवत होतं. माझा बाप वर्षभर माझ्या हौशीच्या आधारानं मला ओळखत होता, आणि मी पुढाऱ्यासारखी मान हलवत आत शिरत होतो.

ती बाई मला काउंटरपाशी घेऊन गेली. तिनं माझा फॉर्म फाडला आणि कोरा दुसरा दिला. "सायलेन्सर बदलला की वॉरंटी खलास असं सगळे म्हणतात," ती म्हणाली. "आमच्या पुस्तकात तसं नाही. त्या बदलानं जे बिघडलं असन त्याची जाते. गिअरचा आन सायलेन्सरचा काय संबंध? पन लपवलं तर आख्खी जाते. आता खरं लिहा." मी खरं लिहिलं. पुस्तक मी गाडी घेतल्यापासून उघडलं नव्हतं. ज्या गोष्टीसाठी मी खोटं बोललो तिच्यासाठी खोटं बोलायची गरजच नव्हती.

मग तिनं अट सांगितली. या कार्डाची प्रत दाव्याला जोडावी लागेल, कारण बाहेरचा सायलेन्सर किती किलोमीटर चालला ते त्यावरून कळतं. आणि वॉरंटी संपेपर्यंत तो परत बसवणार नाही, असं लिहून द्यावं लागेल. "त्याले पन असंच कार्ड लावून आना," ती म्हणाली. "काकाजींच्या हातचं. तुमच्या लिहिण्यापेक्षा त्यांच्या कार्डावर भरवसा आहे माझा." टोमणा होता, पण मी तो कमावलेला होता.

वॉरंटी संपायला अजून दीड वर्ष होतं. गाडी तिथे ठेवून मी ऑटोनं घरी आलो आणि सगळा रस्ता तेच गणित करत राहिलो. दीड वर्ष बाबांना मी आलेलो कळणार नाही. गिअरचं काम मी पदरचे पैसे घालून केलं तर कळेल.

घरी आल्यावर मी बाबांच्या पेटीतून त्या जुन्या बेल शोधल्या. दोन्हींच्या गळ्यात कार्डं: 'कारण: वाजत नाही.' मी एकेक करून तारा जोडल्या आणि बटण दाबलं. दोन्ही खणखणीत वाजल्या. बाबा मागच्या खोलीत माझ्याकडे पाठ करून लसूण सोलत होते. मी पुन्हा दाबली, दाबून धरली. त्यांची बोटं लसणावर तशीच चालत राहिली. तेव्हा मी रडलो. बेल वाजतच होती, त्यामुळे माझं मलाही ऐकू आलं नाही.

मग मी शोरूममधून तोडून आणलेलं सायलेन्सरचं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उचललं, जळकी कड बघितली.

"तोडलं काहून? गाडी तर ठीक नाही झाली अजून."

"बाबा, काहून सांगितलं नाही मले?" मी ओरडलोच. ओरडल्यामुळे त्यांना ऐकू आलं असावं.

त्यांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "लिहून तर ठेवलं होतं," म्हणाले.

वर्षभर ते लिहिलेलं माझ्या डोक्यावर, माळ्यावर होतं. कारखान्यात मी दिवसाला शेकडो लेबलं वाचतो.

मी कानाच्या मशीनचा विषय काढला. त्यांनी एका सोबत्याचं लावून बघितलं होतं म्हणे. "त्यात सगळंच येते. कूलर येते, मिक्सर येते, कुत्रे येते. आपलं मानूस तेवढं येत नाही." पुढच्या हिवाळ्यात बघू, म्हणाले. मी म्हटलं, मग वॉरंटी गेली खड्ड्यात. मी उद्या जाऊन दावा मागे घेतो, गिअरचं काम आपण करून घेऊ, आणि हा ड्रममागचा परत चढवतो. वहिनींची मी माफी मागीन.

बाबा उठले. कात्री आणली, एक लग्नपत्रिका कापली, आणि चष्मा लावून बसले. मी ड्रममागचं पोतं काढून त्यांच्यापुढे ठेवलं, कारण त्यांनी तसा हात केला. त्यांनी तारीख लिहिली, किलोमीटर विचारून लिहिले. पेन थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी कार्ड माझ्याकडे दिलं.

'काढण्याचे कारण: वॉरंटी. परत न बसवण्याचे कारण: साध्या सायलेन्सरवरही मुलगा आलेला आता मला ऐकू येतो. भागात दोष नाही.' खाली सही.

"खरंच येते?" मी विचारलं.

"काल व्हरांड्यात चालू करून पाह्यली होती ना तू. आली ऐकू. म्हंजे येते." ते दारात जाऊन तार शोधायला लागले. माझा विश्वास बसला. बसायला हवा होता म्हणून बसला असेल, पण कार्डावर लिहिलेलं होतं ना.

शोरूमच्या बाईनं ते वाचलं आणि तिचा चेहरा उजळला. "चला, आता येते म्हणतात काकाजींना ऐकू," ती म्हणाली आणि दोन्ही कार्डांच्या प्रती फाइलला लावून वर पाठवल्या. दावा मंजूर झाला. तेवढे दिवस मी कंपनीच्या बसनं गेलो-आलो आणि तेवढ्यापुरती बाबांनी मला गेटची किल्ली दिली. ती परत घ्यायला ते विसरले.

गाडी दुरुस्त होऊन आली त्यानंतरचा पहिला कामाचा दिवस. दुसरा गिअर लोण्यासारखा पडत होता. कंपनीच्या सायलेन्सरवर गाडी इतकी गप्प की मलाच चुकल्या-चुकल्यासारखं वाटत होतं. मानकापूरपर्यंत आल्यावर शंका यायला लागली. चौकात वळायच्या आधी मी इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत आमच्या गल्लीत आलो. का, ते नीट सांगता येणार नाही. मला बघायचं होतं.

गेट उघडं होतं. गेटच्या बाहेर, कडुनिंबाच्या सावलीत, व्हरांड्यातली लाल प्लास्टिकची खुर्ची टाकून बाबा बसले होते. मांडीवर पेपर, मनगटातलं घड्याळ पेपरवर काढून ठेवलेलं. कधीपासून बसले असतील कोण जाणे. त्यांची नजर चौकाकडेच असणार, पण नेमकी त्या वेळी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एक गाय आली होती आणि ते तिच्याकडे बघत होते. मी गाडी ढकलत त्यांच्या अगदी मागे जाऊन उभा राहिलो. चाकाखाली खडी करकरली. शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी 'आलात भाऊ?' असं विचारलं. मी हो म्हटलं. बाबा गायीकडे बघत राहिले.

उभ्या आयुष्यात त्यांनी कार्डावर एकच खोटी ओळ लिहिली होती, आणि ती कंपनीच्या फाइलमध्ये सहीसकट लागली होती.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते दचकले, मागे वळले, आधी मला बघितलं, मग गाडीला, आणि घाईनं घड्याळ उचललं.

"आला गा? चौकातूनच आवाज आला मले."

"हो बाबा," मी मोठ्यानं म्हटलं. "या सायलेन्सरचाही आवाज काही कमी नाही."

ते समाधानानं उठले. खुर्ची आत नेली, गेट आतून लावून घेतलं, कुलूप घातलं. माझ्याकडची किल्ली खिशात होती, मी ती काढली नाही. मग त्यांनी कुलूप काढलं, दोन्ही फाटकं सताड उघडली आणि बाजूला उभे राहिले. मी गाडी आत घेतली.